भाताने चिकटवलेलं पान

मी आठ वर्षांची असताना एका पुस्तकातलं एक पान भाताच्या शितांनी चिकटवून टाकलं. फाडायची छाती झाली नाही. पुस्तक फाडलं की विद्या जाते असं घरात ऐकलेलं होतं, आणि त्या पानावर जो बसला होता त्याला फाडलेलं आवडणार नाही, ही भीती होतीच. म्हणून एका दुपारी आईचा डोळा लागल्यावर ताटातली चार शितं बोटांनी कुस्करली, चित्राच्या पानाच्या कडांना फासली, समोरचं कोरं पान त्यावर मिटवलं आणि पुस्तकावर चक्क बसून राहिले. वाळेपर्यंत उठले नाही.

पुस्तक बंगाली. कोलकात्यात त्या काळी ते घरोघरी असायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकीमांनी ते लहानपणी वाचलेलं होतं, त्यांच्या आईनेही वाचलेलं होतं. पुढे त्याच्यावर विद्वानांनी लांबलचक लेख लिहिले, ते मी वाचले आणि हसले. हे मुलांचं पुस्तक आहे असं ज्या कुणी पहिल्यांदा ठरवलं, त्याला मला एकदा भेटायचं आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. कुणाचंच लिहिणार नाही. नावं लिहून ठेवण्याबद्दल मला काय वाटतं ते पुढे कळेलच.

ऐंशी ओलांडल्यावर मागच्या महिन्यात मी ते पुन्हा वाचायला काढलं. इतकी वर्षं ते माझ्याबरोबर बदल्या, घरं आणि ट्रंका फिरलं, पण उघडलं कधी नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचे, लहानपणीची आठवण आहे, असू दे. खरं कारण एवढंच की मला त्याची भीती वाटत होती. आता या वयात कसली भीती, म्हणून चष्मा पुसला आणि बसले. पहिल्या दहा पानांतच ती परत आली.

गोष्ट साधी आहे. नदीकाठचं एक गाव. भर दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झाली, की घाटाच्या पायरीवर एक माणूस येऊन बसतो. काखेत छत्री, नाकावर चष्मा, मांडीवर जाडजूड वही. मागे पाण्यात एक छोटी होडी. तो वही उघडतो आणि एकेक नाव वाचतो. ज्याचं नाव असेल त्याने ‘ओ’ दिली, की तो मुलगा उठतो आणि मुकाट्याने होडीत जाऊन बसतो. संपलं. ओढाओढ नाही, आरडाओरडा नाही. राक्षस असता तर मी भ्यायले नसते. राक्षस आमच्याकडेही होते.

आता ही गोष्ट कळायला बंगाल्यांची एक रीत माहीत हवी. तिथे प्रत्येक मुलाला दोन नावं असतात. एक चांगलं नाव, भालोनाम, ते शाळेत घालायचं, पत्रिकेत लिहायचं. दुसरं घरचं, डाकनाम, म्हणजे हाक मारायचं. ते वाटोळं, बोबडं, कधी नुसतं वेडंवाकडं. गोष्टीतल्या माणसाच्या वहीत फक्त चांगली नावं होती. घरची नावं त्याला ठाऊकच नव्हती. म्हणून दुपारी कुणी चांगल्या नावाने हाक मारली तर गप्प बसायचं. गोष्टीतला एक मुलगा अर्धवट झोपेत ‘ओ’ देतो आणि जातो. त्याची बहीण तीन दिवस काठाकाठाने चालते, शेवटी लांबवर होडी दिसते तेव्हा त्याला घरच्या नावाने हाक मारते. तो मान वळवतो आणि परत येतो. पण त्याआधी एक म्हातारी बहिणीला बजावते, की घरचं नाव त्या वहीत चढलं नसेल तरच हाक लागू पडेल. तेही चढलं असेल तर मग हाक मारायला काही उरत नाही.

आणि मग ते चित्र. पायरीवर तो बसलेला, वही आपल्याकडे तोंड करून उघडी. ओळी आखलेल्या. वरच्या सगळ्या ओळींवर बारीक गिरगोट्या, अक्षरं नव्हेत, नुसत्या चित्रकाराच्या रेघा. सगळ्यात खालची ओळ मात्र कोरी. मला भीती माणसाची नव्हती, त्या कोऱ्या ओळीची होती.

कारण मला नाव एकच होतं. आम्हा मराठी माणसांत मेली ही दोन नावांची सोयच नव्हती. बारशाला जे ठेवलं तेच शाळेत, तेच घरात, तेच गल्लीत. काकीमांच्या मुलीला दोन, समोरच्या घरातल्या पाचही भावंडांना दोन-दोन, सगळा वर्ग आपला निर्धास्त. मी एकटी उघड्यावर. पुस्तक काकीमांनीच मला दुर्गापूजेला नव्या फ्रॉकबरोबर दिलं होतं, आपली मुलं जे वाचतात ते हिनेही वाचावं म्हणून. किती मायेने दिलं आणि मला केवढ्या संकटात टाकलं.

आम्ही खिदिरपूरला राहायचो. बाबा गोदीच्या कचेरीत कारकून होते. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की भिंतीवरून जहाजांच्या डोलकाठ्या दिसत. आई लग्न होऊन सतराव्या वर्षी तिथे आलेली. बंगाली अक्षरं ती माझ्याच पाठ्यपुस्तकांवरून शिकली. हे पुस्तकही आम्ही दोघींनी मिळून वाचलं. दुपारी खिडकीची झडप अर्धी लावून, ओळीखाली बोट ठेवून ती वाचायची, अडली की मी सांगायची.

“मेल्याला दुसरा कामधंदा नाही,” ती त्या माणसाबद्दल म्हणायची. “भाकडकथा सगळ्या. घाबरतेस काय?”

“मला घरचं नाव ठेव,” मी म्हटलं.

ती हसली. “आता कसलं ठेवायचं? घोडी झालीस.”

“तुला तरी आहे का?”

“होतं,” ती म्हणाली.

तिने मला सांगितलं की लग्नानंतर घरात पाऊल टाकल्यावर ताटात तांदूळ पसरले होते. बाबांनी त्या तांदळात अंगठीने एक नाव लिहिलं. आजपासून हे तुझं नाव. मग कुणीतरी ताट उचललं, तांदूळ डब्यात गेले आणि सतरा वर्षांचं जुनं नाव त्याच दिवशी संपलं. ते जुनं नाव तिने माझ्या कानाशी सांगितलं. सांगताना इकडेतिकडे पाहिलं, चोरी केल्यासारखं. मला ते इतकं आवडलं की मी रात्री पांघरुणात पुटपुटून पाहिलं.

तेव्हा मी हिशेब मांडला, की तांदळातलं नाव म्हणजे आईचं चांगलं नाव आणि माहेरचं म्हणजे घरचं. आई सुरक्षित आहे. वर्गात शोभेल अशी हुशारी होती ही माझी.

पण एक गोष्ट तेव्हाही मनात सलली होती. आईला या दोहोंपैकी कुठल्याच नावाने कुणी हाक मारत नसे. बाबा ‘अगं, ऐकलंस का’ म्हणत. बायकोचं नाव चारचौघांत घेणं त्यांच्या पिढीला जमण्यासारखंच नव्हतं. काकीमा ‘बोउमा’ म्हणत, म्हणजे सूनबाई. दूधवाला ‘माजी’. मी ‘आई’. नऊ वर्षं त्या शहरात माझ्या आईला कुणीही नावाने हाक मारली नव्हती. मी आठ वर्षांची होते, मला याचं वाईट वगैरे वाटलं नाही. मला वाटलं, बरंच आहे, तो मेला कुठल्या नावाने बोलावणार?

त्या वर्षी पावसाळा सरताना आईला ताप आला. पहिले चार दिवस तिने अंगावर काढला. मग गल्लीतले डॉक्टर आले, बाटलीतलं गुलाबी औषध झालं, कपाळावर पट्ट्या झाल्या. मुदतीचा ताप आहे, उतरेल म्हणाले. दहाव्या दिवशी दुपारी बाबा कचेरीत होते. मी आईजवळ बसले होते. ती एकाएकी उठून बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “तू कुणाची गं?”

मी जिना उतरून काकीमांकडे धावले. त्या वर आल्या, आईच्या पोटऱ्यांना हात लावून पाहिला आणि एक शब्द न बोलता टॅक्सी आणायला माणूस धाडला. दुसऱ्याला बाबांच्या कचेरीत निरोप द्यायला सांगितलं. आम्ही तिघी मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. मला सोबत का नेलं? बहुधा माझ्या मुठीतला आईचा पदर सुटेना म्हणून.

फाळणी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शहरात माणसं मावत नव्हती आणि इस्पितळात तर पाय ठेवायला जागा नव्हती. व्हरांड्यात, जिन्यावर, जिन्याखाली आजारी माणसं निजलेली. दोघांनी आईला स्ट्रेचरवर घेतलं आणि आत नेलं. काकीमा मला घेऊन एका जाळीच्या खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. आमचा नंबर लागला, मी टाचा उंचावून आत पाहिलं.

आत तोच बसला होता. नाकावर चष्मा. खुंटीला छत्री. पुढ्यात जाड, उघडी वही, आखलेल्या ओळी, आणि खालची ओळ कोरी.

आज मला माहीत आहे, तो बिचारा एक कारकून होता, माझ्या वडिलांसारखाच.

“रोगीर नाम?” त्याने विचारलं.

काकीमा गोंधळल्या. “बोउमा,” त्या म्हणाल्या. “आमादेर ओपोरतलार बोउमा.” आमच्या वरच्या मजल्यावरची सूनबाई. नऊ वर्षांच्या शेजारात त्यांना आईचं नाव विचारायची वेळच आली नव्हती.

मागची रांग कुरकुरायला लागली. कारकुनाने लेखणी उचलून धरली आणि जाळीतून माझ्याकडे पाहिलं. “तोमार मायेर नाम की?”

सांगायचं काय? चांगलं नाव सांगितलं की ते वहीत जाणार, उद्या दुपारी तो हाक मारणार, आणि आई तर अशी भ्रमात, ती ‘ओ’ देणारच. ते नाव सांगायचं नाही एवढं माझं पक्कं ठरलं होतं. मी घाईघाईने दुसरं सांगून टाकलं. माहेरचं.

त्याने ते लिहिलं. बंगाल्यांत बाईच्या नावापुढे लावतात तसं ‘देवी’ लावलं. आडनाव विचारलं नाही. पत्ता म्हणून काकीमांनी खिदिरपूर सांगितलं, तेवढंच त्याने लिहिलं. मग त्याने शाईवर टिपकागद दाबला, आणि त्या क्षणी मला कळलं मी काय करून बसले होते.

घरचं नाव वहीत चढलं होतं. मीच चढवलं होतं. आता आईला परत बोलवायला काही उरलं नव्हतं.

मी ओरडायला हवं होतं, खोडा म्हणायला हवं होतं. काकीमा मला ओढत बाहेर घेऊन आल्या आणि वाटेत जिलबी घेऊन दिली. ती जिलबी मी हातात धरून घरी आणली.

बाबांना निरोप उशिरा मिळाला. ते कचेरीतून थेट इस्पितळात गेले आणि दिवेलागणीनंतर घरी आले. दारातच उभे राहिले. चेहरा राखेसारखा. काकीमा खालून वर आल्या.

“या नावाची बाई आज आलेलीच नाही म्हणतात,” बाबा म्हणाले. खिडकीवर आता दुसरा कारकून होता. त्याने दोनदा पानं उलटली. भेटीची वेळ संपलेली, बायकांच्या वॉर्डात पुरुषाला सोडेनात. शेवटी तो कारकून म्हणाला, मग त्या दुसऱ्या वहीत बघा. दुसरी वही कुठली हे बाबांनी सांगितलं नाही. काकीमांनी पदर तोंडावर धरला, तेव्हा मला समजलं.

“त्या वहीतही नाही,” बाबा म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

काकीमा देवाची शपथ घेऊन सांगत होत्या की मी माझ्या हाताने बोउमाला तिथे सोडलं. बाबा माझ्याकडे वळले. “तू होतीस ना? नाव नीट सांगितलं होतंस ना?”

मी मान हलवली. हो.

ही खोटी मान मला आयुष्यभर पुरली. पुष्कळ चुका केल्या, काही मोठ्याही, पण त्या आठवून अशी शरम वाटत नाही. बाबांना खरं सांगितलं तर ते जाऊन त्या खिडकीशी ते नाव मोठ्याने घेणार, आणि आतला माणूस वही बघून म्हणणार, हो, ती गेली. मी गप्प होते तोवर आई कुठेतरी होती. हरवलेली का होईना, होती. म्हणून मी गप्प राहिले. भीतीने माणूस किती नीट विचार करतो आणि तो सगळा कसा उलटा करतो, हे मी त्या रात्री शिकले. त्या रात्रीबद्दल आणखी सांगत नाही.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा स्टुलावर चढून भिंतीवरची तसबीर काढत होते. त्यांच्या लग्नाचा फोटो. तो घेऊन ते प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी दाखवणार होते. फोटोतली आई सतरा वर्षांची, मुंडावळ्या बांधलेली, नथीने अर्धा चेहरा झाकलेली. तिला कोण ओळखणार होतं? तसबीर काढल्यावर भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला. तो पाहिला आणि मला हुंदका आवरला नाही.

मी सांगून टाकलं. कुठलं नाव सांगितलं ते, आणि का ते. पुस्तकाचंही सांगितलं. बाबा मारतील असं वाटलं होतं. ते स्टुलावरून उतरले आणि तसबीर मांडीवर घेऊन तिथेच बसले.

“ते नाव तुला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“आईनं.”

“तिला आठवतं अजून?” ते म्हणाले. मग उठले. “चप्पल घाल. चल.”

खिडकीवर पुन्हा कालचाच कारकून होता. बाबांनी नाव सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला. कारकुनाने बोट फिरवत नेलं आणि एका ओळीवर थांबवलं. मी डोळे गच्च मिटले. “वरती,” तो म्हणाला, “तापाचा वॉर्ड.” ती होती. निदान काल तिथे पाठवली होती.

वॉर्डाच्या दाराशी म्हातारी आया होती. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, खाटा पुरत नाहीत, सगळ्यांना इकडून तिकडे हलवलंय, तुमचं माणूस तुम्हीच शोधा, लवकर. मी दारात उभी राहिले. लांबच लांब दालन. दोन्हीकडे खाटा, खाटांच्या मधे जमिनीवर चटया. आणि सगळ्या बायकांचे केस कापलेले. तापात केस कापतात हे मला माहीत नव्हतं. एकसारखी डोकी, एकसारखे खोल गेलेले डोळे, एकसारखी राखाडी पांघरुणं. त्यात माझी आई कुठली ते मला ओळखू येईना. स्वतःची आई ओळखू येईना, याहून मोठी भीती मला त्यानंतर कधी वाटली नाही.

बाबा एका बाजूने शेवटपर्यंत गेले, वाकून वाकून चेहरे बघत. दुसऱ्या बाजूने परत आले. त्यांनाही ओळखू आली नाही. ते दालनाच्या मधोमध उभे राहिले. मग त्यांनी घसा साफ केला आणि आईच्या माहेरच्या नावाने हाक मारली.

ते नाव त्यांनीच तांदळात पुसलं होतं. आवाज जेमतेम फुटला. दोन-तीन बायकांनी माना वळवल्या, बस. त्यांनी पुन्हा हाक मारली. काही नाही. वहीत चढलंय, मी मनात म्हणत होते, लागू पडणार नाही, लागू पडणार नाही. तिसऱ्यांदा बाबा ओरडले. धक्क्यावरून जहाजावरच्या माणसाला हाक मारावी तसे, सगळी लाज सोडून.

“ओ,” आवाज आला. “आले गं आई.”

तो माझ्या पायापासून चार हातांवरून आला होता. दाराजवळच्या चटईवरून. बाबा तिच्यावरून दोनदा पुढे गेले होते. त्यांनी जवळ जाऊन गुडघे टेकले, तेव्हा तिने डोळे उघडले, त्यांना पाहिलं, आणि आधी काय केलं तर हाताने पदर शोधला, ते कापलेलं डोकं झाकायला.

“तुम्ही हाक मारलीत?” ती म्हणाली. त्या आवाजात आनंद नव्हता. ती घाबरली होती.

पंधरा-वीस दिवसांनी आई घरी आली. सगळे म्हणाले, नशीब. काकीमांनी कालीघाटला नैवेद्य नेला. मी तिला एकदा धीर करून विचारलं, तिथे कसं होतं.

“ती आया दूध घेऊन आली की नाव घ्यायची,” आई म्हणाली. “मला वाटे माझी आईच आली. मी दर वेळी ओ द्यायची, आणि डोळे उघडून बघते तर कुणीच नाही. फार भीती वाटायची गं.”

दर वेळी ओ दिली होती. वहीतल्या नावाला. म्हणजे सुटका झालीच नव्हती, होडी नुसती थांबली होती. त्यानंतर मी दुपारची झोपायचं सोडलं. आई आडवी झाली की उंबऱ्यात बसायची, जिन्याकडे तोंड करून. आई विचारायची, काय गं बसलीस? मी म्हणायची, उकडतंय. पुस्तक फळीवर सगळ्यात मागे होतं आणि ते पान घट्ट चिकटलेलं होतं, एवढाच काय तो धीर.

महिन्याभरात मला ताप आला. तिसऱ्या दिवशी उतरला, साधाच होता. पण ते तीन दिवस आईची पाचावर धारण बसली होती हे मला अंथरुणातूनही दिसत होतं. एका दुपारी मला अर्धवट जाग आली. आई खिडकीशी बसली होती. केस बोटभर वाढलेले, मांडीवर पुस्तक, हातात ओलं फडकं. मला वाटलं माझ्या कपाळासाठी आहे. मी पुन्हा झोपले.

हे सगळं आठवत मी मागच्या महिन्यात पुस्तक वाचत होते. वाचताना नव्याने कळलं, की तो वहीवाला दुष्ट नाही, थकलेला आहे. सारखा चष्मा पुसतो, एका नावापाशी अडखळतो. आपलं काम करतो आणि घरी जातो. हे लहानपणी दिसलं असतं तर मी आणखी भ्यायले असते. आणखी एक दिसलं. सगळ्या गोष्टीत बहिणीला घरचं नावच नाही. तिला कुणी हाकच मारत नाही. विद्वानांच्या लेखांत याबद्दल एक ओळ नाही.

आणि मग ते पान आलं. चिकटवलेलं असणार म्हणून मी सुरी घेऊन बसले होते. सुरी लागली नाही. पान मोकळं होतं.

कडांना माझ्या शितांचे पिवळे डाग होते आणि त्यांच्याभोवती पाण्याच्या ओलीने आलेल्या लाटा. कुणीतरी ओल्या फडक्याने, कागद फाटू न देता, धीराने ते सोडवलं होतं. चित्रात तो होता, तसाच. वरच्या ओळींवर गिरगोट्या. मी भिंग आणलं. खालची ओळ कोरी नव्हती. तिथे निळ्या पेन्सिलीने, बाबांच्या कचेरीतल्या लाल-निळ्या पेन्सिलीच्या निळ्या टोकाने, आईच्या बाळबोध अक्षरात एक नाव लिहिलं होतं. तांदळातलं. तिचं चांगलं नाव.

माहेरचं तर मी आधीच त्या वहीत चढवून आले होते. उरलेलं तिने स्वतः दिलं. हाक मारून परत आणायला एकही शिल्लक ठेवलं नाही. भाकडकथा म्हणणारी माझी आई, मी तापात पडले असताना, माझ्यासाठी राहिलेली ती ओळ स्वतःच्या नावाने भरून मोकळी झाली.

ती त्यानंतर पुष्कळ जगली. शहाण्या माणसाला एवढं पुरे व्हावं. मी खोडरबर शोधून आणलं, नावावर धरलं आणि परत ठेवून दिलं. ते नाव खोडलं तर ओळ पुन्हा कोरी होईल, आणि मला अजूनही एकच नाव आहे. आज सकाळी भात उतरवला तेव्हा चार शितं वाटीत बाजूला काढून ठेवली आहेत.